दरवाजे कोणी उचलले?

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. आठवीपर्यंत शब्द पुष्कळ जमायचे, पण जवळच्या अर्थाची दोन क्रियापदं समोर आली की अख्खा वर्ग अडायचा. डिक्शनरी दोन्हींपुढे बहुधा एकच मराठी शब्द द्यायची.

आमच्या इंग्रजीच्या बाई म्हणायच्या, ‘नुसता अर्थ विचारू नका. कोणी केलं, कशाला केलं, ते विचारा. पडणं आणि पाडणं यांत तुमची कधी गल्लत होते का रे?’

ते पटलं गोदेच्या पुरात. नाशिककर पुराचं माप दुतोंड्या मारुतीवर घेतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की गावभर बातमी! बाईंनी तोच पूर फळ्यावर आणला. नदीचं पाणी आपलं आपण चढतं, म्हणून ते ‘राइज’ होतं. गंगापूर धरणाचे दरवाजे मात्र कोणीतरी उचलावे लागतात, म्हणून ते ‘रेझ’ करतात. ‘रेझ’पुढे ‘काय?’ असं विचारलं की उत्तर मिळालंच पाहिजे. रामकुंडाच्या पायरीवर यात्रेकरू आडवा होतो तो ‘लाय’, पायरीवर फुलं ठेवतो ते ‘ले’. त्यात ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’च! म्हणून तिन्ही रूपं बाई घोकूनच घ्यायच्या. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. समज आली तरी रूपं तोंडात बसावी लागतात.

पूर नजरेला पडला तर ‘सी’, मुद्दाम तिकडे पाहिलं तर ‘लुक’, होळकर पुलावर उभं राहून पाणी किती चढतंय ते पाहत राहिलो तर ‘वॉच’. ‘से’ला शब्द पुरतात, ‘टेल’ला बहुतेक वेळा ऐकणारा लागतो. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’साठी बाईंनी १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय धरलं होतं: वाचनालय पुस्तक ‘लेंड’ करतं, सभासद ते ‘बॉरो’ करतो. पुस्तक तेच, फक्त आपण काउंटरच्या कोणत्या बाजूला उभे आहोत ते बघायचं.

आज मी द्राक्षांच्या निर्यातीत आहे. परदेशी खरेदीदाराला रोज मेल जातात आणि तिथे ‘अश्युअर’, ‘एन्शुअर’, ‘इन्शुअर’ हे त्रिकूट हटकून भेटतं. शब्द चुकला तर विम्याची गोष्ट नुसत्या दिलाशासारखी वाचली जाऊ शकते. मी बाईंचाच प्रश्न विचारतो. माणसाला खात्री द्यायची आहे? ‘अश्युअर’. माल थंडच पोचेल अशी तजवीज करायची आहे? ‘एन्शुअर’. कंटेनरचा विमा उतरवायचा आहे? ‘इन्शुअर’. निफाड-दिंडोरीकडची मराठी शाळेतली मुलं आमच्याकडे कामाला येतात, त्यांनाही मी हे असंच सांगतो. त्यांना ते चटकन कळतं, कारण क्रियापदाचा कर्ता-कर्म शोधायची सवय त्यांना मराठीच्या व्याकरणानेच लावलेली असते.

बाईंनी लिहून दिलेल्या जोड्यांची आठवीची वही माझ्याजवळ आहे. ती मी शाळेच्या ग्रंथालयाला देतो आहे. नववीची वही आमच्या तुकडीतल्या कोणी जपली असेल, तर कृपया तीही शाळेत पोचवावी; ‘ब्रिंग’, ‘टेक’ आणि ‘फेच’ त्या वहीत आहेत.