ठेवणीतले केस

नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही दोन वर्षं इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डला होतो, आणि तिथला माझा टाइमपास म्हणजे चॅरिटी शॉप. लोकांनी देऊन टाकलेले कप, पुस्तकं, कोणाच्या तरी आजीचे ब्रोच, असं सगळं एक-दोन पौंडात. तर एकदा तिथे तीन बदकं मिळाली, प्लास्टरची, भिंतीवर लावायची, मोठं-मधलं-छोटं अशी ओळीने उडत चाललेली. काउंटरवरच्या आजींनी ती पेपरात गुंडाळता गुंडाळता मला बजावलं की यातलं एक वाकडंच लावायचं हं, हिल्डाच्या घरी तसंच असायचं. मला वाटलं हिल्डा म्हणजे त्यांची कोणी मैत्रीण असेल.

मैत्रीण वगैरे काही नाही, सिरियलमधली बाई निघाली! हिल्डा ऑग्डेन, कोरोनेशन स्ट्रीट. ही सिरियल ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे, आपल्याकडे दोन वर्षांत लोक म्हणायला लागतात की आता संपवा बाबा. सिरियलमधलं गाव आहे वेदरफील्ड, खोटं, पण सॅलफर्डवरूनच उचललेलं, म्हणजे मी रोज दूध आणायला जायचे तसल्याच विटांच्या घरांच्या रांगा. हिल्डा त्यात १९६४ ला आली ती १९८७ पर्यंत, तेरा नंबरच्या घरात राहायची. कोपऱ्यावर रोव्हर्स रिटर्न नावाचा पब आहे, तिथे लादी पुसायची. नवरा स्टॅन खिडक्यांच्या काचा पुसायचा, म्हणजे पुसायचा असं आपलं म्हणायचं, बरचसं काम पबमध्ये बसूनच व्हायचं.

मग काय, रोज रात्री भांडी आवरून झाली की मी मोबाइलवर तिचे जुने एपिसोड, तुकडे, मिळेल ते बघत बसायचे. अॅक्सेंट सुरुवातीला अर्धा डोक्यावरून जायचा, पण ही बाई कळायला भाषा लागतच नाही. चोंबडी एक नंबरची. दुसऱ्यांच्या घरात काय शिजतंय ते त्यांच्या आधी हिला माहीत. काम करताना चिरक्या, थरथरत्या आवाजात गाणी म्हणणार, आणि तिला स्वतःला ते गोड वाटतंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. हॉलच्या एका भिंतीवर तिने बर्फाच्या डोंगरांचा भलामोठा देखावा लावून घेतला होता, त्याला इंग्रजीत म्युरल म्हणतात, ही आयुष्यभर म्युरिएल म्हणत राहिली, जसं काही घरात एक बाईच राहायला आलीये. त्या डोंगरांवरच ती तीन बदकं, आणि त्यातलं एक कायम मान टाकल्यासारखं खाली झुकलेलं.

पण मी अडकले ते तिच्या केसांपाशी. डोक्याला कायम कर्लर्स, वर बांधलेला स्कार्फ, अंगात फुलाफुलांचा एप्रन. सकाळी लादी पुसताना कर्लर्स, दुपारी भांडताना कर्लर्स, संध्याकाळी नवऱ्याला शिव्या घालताना पण तेच. आता कर्लर्स लावतात कशाला, तर नंतर केस छान दिसावेत म्हणून, हो ना? हिचं ते नंतर येतच नाही. मी आधी हसले, मग कुठेतरी वाचलं की हे सुचलं जीन अलेक्झांडरला, म्हणजे हिल्डाचं काम करणाऱ्या बाईंना. त्या मूळच्या लिव्हरपूलच्या. दुसऱ्या महायुद्धात तिकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुली केसांना कर्लर्स लावून वर फडकं बांधूनच दिवसभर राबायच्या, न जाणो संध्याकाळी कोणी फिरायला चल म्हणालं तर केस तयार हवेत! ते वाचलं आणि हिल्डाकडे बघायची नजरच बदलली. लढाई १९४५ ला संपली, त्या मुली घरी गेल्या, ही मात्र अजून संध्याकाळची वाट बघतेय.

आपल्याकडे यासाठी शब्दच आहे, ठेवणीतलं. ठेवणीतली साडी, ठेवणीतले कप, ठेवणीतली चादर. माझ्या आईची एक मोरपिशी पैठणी आहे, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली, ती इतक्या लग्नांना "आज नको गं, पाऊस आहे", "आज नको, जवळचं लग्न नाहीये" करत राहिली की माझ्या लग्नात नेसली तेव्हा घड्यांवर जर तुटली होती. हिल्डाचे केस तसले, ठेवणीतले.

तरी एकदा ती संध्याकाळ आली बरं का. १९७७ मध्ये दोघांना एका स्पर्धेत बक्षीस लागतं, फाइव्ह स्टार हॉटेलात दुसरा हनिमून. कर्लर्स सुटले, केस सेट झाले, लिपस्टिक लागली, आणि स्टॅनने, ज्याला हे सगळं म्हणजे जरा धास्तीचंच, विचारलं की या लिपस्टिकला चव कसली आहे. ती म्हणते, बाईची, स्टॅनली, बाईची. किती वेळा बघितलाय मी तो तुकडा! लोक हसतात, हसण्यासारखंच आहे, पण ती मात्र पूर्ण सिरियस असते. इतकी वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी एकदाचं बाहेर काढलंय आणि समोरचा चव विचारतोय.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनचं काम करणारे बर्नार्ड युएन्स गेले, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सिरियलमध्ये स्टॅनलाही जावं लागलं. वीस वर्षं रोज भांडलेली जोडी. अंत्यविधी उरकून सगळे गेल्यावर हिल्डा हॉस्पिटलमधून आलेलं त्याच्या सामानाचं पार्सल उघडते. वापरलेला पायजमा आणि एक चष्म्याची केस. ती केस उघडते, आत चष्मा असतो, बस, तिथे ती फुटते. ना डायलॉग ना तीन वेळा चेहऱ्यावर झूम. त्या सीनमध्ये तिचे केस कसे होते ते मला आत्ता आठवत नाहीये, आणि मी तर केसच बघायला बसले होते.

एवढ्याशा चोंबड्या मोलकरणीसाठी तिकडे एक ब्रिटिश लीग, म्हणजे चाहत्यांची संघटना, निघाली होती आणि तिच्यात राजकवी जॉन बेटजेमन आणि मोठे नट लॉरेन्स ऑलिव्हिए होते, हे मी नवऱ्याला सांगितलं तर त्याला ती थापच वाटली. १९८७ च्या नाताळच्या दिवशी हिल्डा सिरियल सोडून गेली, एका विधुर डॉक्टरांचं घर सांभाळायला, डर्बीशायरला. पबमध्ये सगळ्यांसमोर ग्रेसी फील्ड्स या गायिकेचं लढाईच्या दिवसातलं निरोपाचं गाणं म्हणाली, त्याच चिरक्या आवाजात, आणि त्या वेळी साधारण २ कोटी ६६ लाख लोक टीव्हीसमोर होते. म्हणजे अर्ध्याला थोडा कमी देश. जीनबाई २०१६ मध्ये गेल्या, नव्वदावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते.

बदकं आता पुण्याच्या हॉलमध्ये आहेत. देखावा नाही, साधी क्रीम कलरची भिंत. छोटं बदक मी मुद्दाम खाली झुकवून लावलंय. आई आली होती परवा, चहा पिताना दोनदा तिकडे बघितलं, तिसऱ्यांदा उठलीच, सोफ्यावर चढून ते सरळ केलं आणि म्हणाली, "खिळा नीट ठोकून घे गं, पडेल." आणि मग खाली उतरून, "छान आहेत, पण अशी रोजच्याला कशाला लावलीस?"