चांदणं होतं की नव्हतं

मी दोस्ताला अजून पत्रं का लिहितो, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेडण्याच्या पोस्टात अंतर्देशीय पत्र मागितलं की मागून कोणीतरी म्हणतोच, "भाई, मोबाइल असताना पत्रं कसली लिहिता? लढाईच्या गजाली?"

पहिलं कारण साधं. गडहिंग्लजच्या माझ्या दोस्ताला ऐकू येत नाही. उजवा कान १९७१ सालीच गेला, डावा वयानं नेला. फोन केला तर मी काय बोललो ते त्याची सून त्याच्या कानात ओरडते. एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी दोन म्हाताऱ्यांनी सुनेमार्फत कशाला करायची?

तर पत्रात गुडघे असतात, पेन्शन असते, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलास का, हे असतं. तो घनसाळ भाताचं कळवतो, मी मानकुराद आंब्याचा मोहोर आणि चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधतो ती फळाफुलांची.

लढाईचं एकच. आमची पलटण पहिली मराठा, साल १९७१, ठिकाण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आताच्या बांगलादेशातलं जमालपूर. आमच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी 'शरण या' अशी चिठ्ठी धाडली, तर पलीकडच्या पाकिस्तानी पलटणीच्या, ३१ बलुचच्या, कर्नल सुलतान यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. (पत्राला उत्तर ताबडतोब द्यावं हे मी तिथं शिकलो, असं नातवंडांना सांगतो.) १० डिसेंबरच्या रात्री ते जमालपूर सोडून टांगाईलच्या रस्त्यानं निघाले. त्या रस्त्यावर आम्ही बसलो होतो.

त्यापुढचं आम्ही लिहीत नाही. भांडतो ते एवढ्यावरच, की त्या रात्री चांदणं होतं की नव्हतं.

तो लिहितो, होतं, मला चेहरे दिसत होते. मी लिहितो, किट्ट काळोख, स्वतःचा हात दिसत नव्हता. वीसेक वर्षं हेच चाललंय. मध्ये त्याची बायको गेली, माझं बायपास झालं, तरी प्रत्येक पत्राच्या शेवटी हा वाद आहेच.

गेल्या चवथीला आमच्या भटजींच्या माळ्यावर जुनी पंचांगं निघाली. त्यात १९७१चं होतं. मार्गशीर्ष वद्य अष्टमी-नवमीची रात्र, चंद्र उगवला मध्यरात्रीच्या सुमाराला. म्हणजे माझा काळोख आधीचा. त्याचे चेहरे नंतरचे.

पंचांग भटजींना परत दिलं. परवा त्याला लिहिलं, "डोळे तपासून घे. काळोखच होता."