हा डबा अजून कशाला ठेवलाय?

घरी पहिल्यांदा येणारा माणूस चहा यायच्या आत हे विचारतोच. भिंतीवर 43 इंची टीव्ही आहे आणि त्याच्याच खाली स्टुलावर 21 इंची पिक्चर ट्यूबचा डबा, पाठ दीड फूट बाहेर काढून बसलेला. "चालतो?" चालतो म्हटलं की, "पण कशाला?" सदाशिव पेठेतला स्क्वेअर फुटाचा भाव ठाऊक असलेल्या माणसाचा प्रश्न रास्तच आहे. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

त्याच्यावर मी मारिओ खेळतो. तोच मारिओ भिंतीवरच्या टीव्हीलाही लावता येतो, एचडीएमआयची वायर जोडली की झालं. लावून पाहिलाय. न्हाणीघराच्या फरश्यांवर रंगवल्यासारखा दिसतो, एकेक चौकोन मोजून घ्यावा. छोटा मारिओ मुळात 16 बाय 16 ठिपक्यांचा. 1985 साली ज्यांनी तो काढला त्यांच्यासमोर ट्यूबच होती. ट्यूबवर ठिपक्याची कड शेजारच्या रंगात थोडी विरघळते, दोन ओळींमध्ये बारीकशी काळी फट राहते आणि त्या चौकोनांची मिशी होते. अर्ध चित्र गेममध्ये आहे, अर्ध काचेत.

डबा मिळाला जुन्या बाजारात, एका रविवारी. विक्रेता म्हणाला, "चारशे. लाल लाईट लागते, पुढचं तुमचं नशीब." साडेतीनशेला सौदा झाला. रिक्षावाल्याने मीटरवर पन्नास जास्त घेतले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत मी एकट्याने तो पोटाशी धरून आणला. कंबरेने पुढे आठवडाभर त्याची आठवण ठेवली. चालू केला तर काळ्या पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ. बाकी काही नाही.

टीव्ही दुरुस्त करणारे आता शोधावे लागतात. शनिवार पेठेतले एक काका सापडले, ते रेघ बघूनच म्हणाले, "व्हर्टिकल गेलंय. ट्यूब चांगली आहे." मागचं झाकण काढल्यावर त्यांनी आधी एका वायरचं टोक अर्थिंगला अडकवलं, दुसरं स्क्रूड्रायव्हरला, आणि तो ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवला. चट् असा आवाज झाला. "पंचवीस हजार व्होल्टची भानगड असते ही. प्लग काढला तरी आत बसून राहतं." मग भिंगातून मला दाखवलं: व्हर्टिकलच्या, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या, आयसीच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर. जुनं कथील ओढून काढलं, नवीन लावलं, आणि ती रेघ वर-खाली उघडत गेली, दुकानाचं शटर उघडावं तशी. तुम्हाला मोह झाला तरी झाकण स्वतः काढू नका, एवढंच सांगेन.

पुढचं काम सोपं असेल असं वाटलं होतं. माझ्याकडे रास्पबेरी पाय 3 पडलेला होता, तळहातावर मावणारा कॉम्प्युटर. त्याच्या हेडफोनच्या भोकातूनच चित्रही बाहेर पडतं. तपकीर गल्लीतून वायर आणली: एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल. रंगाला रंग जुळवून लावली तर पडदा कोरा आणि स्पीकरमध्ये भुंगा. संध्याकाळ गेली. ही वायर कॅमेऱ्याची निघाली. तिच्यात चित्राची जागा वेगळी, पायची वेगळी. उपाय काय, तर लाल पिन पिवळ्या भोकात. तेव्हापासून ती तशीच आहे आणि बघणाऱ्याला वाटतं, मी चुकून लावलीये.

मग पायची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग लिहायची फाइल. एसडीटीव्ही मोडपुढे 2 लिहिलं की पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत, मिळते, पण चित्राच्या सम आणि विषम ओळी आळीपाळीने काढल्या जातात, त्यामुळे विटांच्या आडव्या रेघा थरथरत राहतात. 16 मिळवून 18 केलं की सगळी चित्रं त्याच त्या ओळींवर उमटतात आणि थरथर थांबते. जुने व्हिडिओ गेम हेच करायचे. एका आकड्याचा फरक, पण मी तो रात्री दीड वाजता केला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने "आला!" म्हणालो.

आता खरी गंमत. जपान-अमेरिकेत हा गेम सेकंदाला 60 चित्रांनी चालतो. आपला टीव्ही पाल, म्हणजे 50. गेमचं घड्याळ चित्रांवरच चालत असल्यामुळे 50 वर मारिओ सहाव्या भागाने संथ होतो, त्याचं गाणंही. जाणकार म्हणतात 60 हाच शुद्ध वेग, म्हणून मी एकदा 60 वर करून ठेवला. दिवाळीत ताई कोथरूडहून आली. लहानपणी आमच्याकडे सामुराई नावाचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. 9999 गेमची कॅसेट, त्यात खरे गेम सहा-सात. ताई रिमोट घेऊन जमिनीवर बसली आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा पडली. "हा एवढा घाईत का आहे रे?"

तिचे अंगठे बरोबर होते, सेटिंग चुकलं होतं. निदान आमच्या घरापुरतं तरी. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रीजन म्हणून एक पर्याय असतो, त्यात 'डेंडी' असं नाव दिसतं. डेंडी म्हणजे रशियात विकला जायचा तो, आपल्या सामुराईचा चुलतभाऊ. ते निवडलं, पाल परत लावलं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, कारण गेमच्या ओळी 240 आणि पालच्या 288. त्या पट्ट्याही लहानपणी होत्याच, पाहिल्यावर आठवलं. ताईने खड्डा न बघता ओलांडला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिचा मुलगा ओरडला, "मामा, ती शिट्टी बंद कर ना!" ट्यूब एका सेकंदात 15,625 ओळी काढते, 625 गुणिले 25, आणि तेवढाच बारीक आवाज तिच्यातून निघत राहतो. नऊ वर्षांच्या कानांना तो भिंतीपलीकडूनही टोचतो. ताईने माझ्याकडे बघितलं, "कसली शिट्टी?" मलाही काही ऐकू येत नव्हतं. आम्ही दार लावून घेतलं आणि पुढची लेव्हल सुरू केली.