रिपोर्टमध्ये शून्य चुका आणि गुगलवर किंमत गायब

आधीच सांगते. ज्यांना आपल्या साइटवर किमती देवनागरी आकड्यांत ठेवायच्या आहेत त्यांनी खुशाल ठेवाव्यात. त्यापायी गुगलच्या निकालातली किंमत, ‘इन स्टॉक’ आणि स्टार सोडून द्यावे लागत नाहीत. मला मात्र अर्धा पावसाळा नेमकं उलटं ऐकवलं गेलं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आमचं नाशिकला मराठी पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याला जोडून वेबसाइट. साइटवरचं गिऱ्हाईक बरंचसं बाहेरगावचं. बंगळुरू, इंदूर, थोडं परदेशातलं. हे लोक दुकानाचं नाव टाकून येत नाहीत. पुस्तकाचं नाव टाकतात, पाच-सहा साइट दिसतात, आणि जिच्या खाली किंमत आणि ‘इन स्टॉक’ लिहिलेलं असतं तिच्यावर बोट पडतं. ही ओळ गुगल मनानं लिहीत नाही. पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणारा एक तुकडा असतो: हे पुस्तक आहे, नाव हे, किंमत ही, चलन भारतीय रुपया, शिल्लक आहे. याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात, धंद्यातले लोक नुसतं ‘स्कीमा’ म्हणतात. त्यातले शब्द कुठले वापरायचे हे गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग काढून एकत्र ठरवलं. लिहायच्या पद्धती तीन आहेत. गुगल त्यातली जेसॉन-एलडी वापरा असं सुचवतं.

जुन्या साइटवर हे सगळं बिनबोभाट चाललं होतं. मग एका एजन्सीकडून नवी थीम, म्हणजे साइटचा साचा, करून घेतली. दिसायला छान, मोबाइलवर झटपट उघडणारी. थोड्याच दिवसांत आमच्या निकालांखालची किंमत जाऊ लागली. आज या पुस्तकाची, उद्या त्या पुस्तकाची. गुगल जसजसं एकेक पान पुन्हा वाचत होतं तसतशी ती जात होती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की शेजारच्या साइटखाली किंमत आहे आणि आमच्याखाली नुसतं वर्णन.

एजन्सीला फोन केला. सपोर्टवरचा मुलगा अतिशय गोड बोलायचा. “मॅडम, सर्च कन्सोलमध्ये बघितलं. प्रॉडक्टचा रिपोर्ट क्लीन आहे. झीरो एरर.” (सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गुगलचं साधन.) मग किंमत का दिसत नाही? “मॅडम, ते गुगलच्या हातात आहे. स्कीमा टाकला म्हणजे दाखवतीलच अशी गॅरंटी नसते.”

यातलं दुसरं वाक्य खरं आहे, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. गुगल स्वतःच सांगतं की स्ट्रक्चर्ड डेटा बिनचूक असला तरी खास स्वरूपात दाखवण्याची हमी नाही. पण या खऱ्या वाक्याचा ढालीसारखा उपयोग केला की समोरचा गप्प बसतो. मीही बसले. पुन्हा फोन केला की तेच उत्तर, त्याच गोड आवाजात. एकदा तर “मॅडम, थोडा पेशन्स ठेवा” असंही ऐकलं.

शेवटी मी स्वतः सर्च कन्सोल उघडून बसले. प्रॉडक्टच्या रिपोर्टमध्ये लाल आकडा शून्य होता, हे बरोबर. पण शेजारचा हिरवा आकडा, म्हणजे नीट वाचता आलेल्या पानांचा, तोही घसरत घसरत तळाला चाललेला. परीक्षेला कोणी बसलंच नाही तर नापासांची संख्या शून्यच येणार! आमची पानं तपासून पास होत नव्हती, तपासणीपर्यंत पोचतच नव्हती. आणि हे एजन्सीतल्या एकालाही दिसू नये?

मग ती जात कुठं होती? सर्च कन्सोलमध्ये आणखी एक रिपोर्ट असतो, ‘अनपार्सेबल स्ट्रक्चर्ड डेटा’. कोडमध्ये इतकी मूलभूत गडबड असली की हे पुस्तक आहे, पाककृती आहे की नोकरीची जाहिरात आहे हेच गुगलला कळत नाही, तेव्हा ते पान या रिपोर्टात जातं. प्रॉडक्टच्या यादीत ते येणारच कसं? प्रॉडक्ट आहे हे कळलेलंच नसतं. आमची पुस्तकं तिथं साठली होती.

एक खूण खरं तर आधीपासून समोर होती. संगणकावर शोधलं की आमच्या निकालात ‘कादंबरी’, ‘चरित्र’ अशी विभागाची वाट अजून नीट दिसत होती. मोबाइलवर गुगलनं ती जानेवारी २०२५ पासून दाखवणं बंद केलंय, म्हणून संगणकावरच बघा. विभागांचा तुकडा कोडमध्ये वेगळा होता आणि प्रत्येक तुकडा वेगळा वाचला जातो. म्हणजे गुगल पानापर्यंत येत होतं, वाचत होतं, फक्त पुस्तकाचा तुकडा त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

तो तुकडा मी गुगलच्याच रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये टाकला. तिथं साइटचा पत्ता देता येतो किंवा थेट कोड चिकटवता येतो. चूक नेमक्या ओळीवर दाखवली: किमतीच्या. नव्या थीमनं वाचकाला दिसणारी किंमत, देवनागरी आकड्यांसकट, उचलून जशीच्या तशी कोडमध्ये ठेवली होती, तीही अवतरणचिन्हांशिवाय. जेसॉनमध्ये, म्हणजे जेसॉन-एलडी ज्यात लिहितात त्या पद्धतीत, संख्या लिहायची तर इंग्रजी शून्य ते नऊ एवढेच आकडे चालतात. तिथं आपला ‘४’ आला की एक किंमत चुकत नाही, पूर्ण तुकडाच मोडतो. नाव, चित्र, शेरे, सगळं त्याच्याबरोबर जातं.

मी आनंदानं स्क्रीनशॉट पाठवला. आता दहा मिनिटांचं काम, असं वाटलं. उत्तर आलं: “मॅडम, मग साइटवरचे सगळे आकडे इंग्रजी करून घेऊ. सगळे तसंच करतात.”

नाही करायचे, म्हटलं. दुकानातल्या पाटीवर, बिलावर, पुस्तकाच्या मागच्या पानावर किंमत मराठीत असते. साइटवरही तशीच राहील. वाचकाला मराठी दाखवा आणि यंत्राला इंग्रजी द्या, एवढंच हवंय. यावर त्यांच्या वरिष्ठांनी नियम काढला. गुगल म्हणतं की स्ट्रक्चर्ड डेटात तेच हवं जे पानावर वाचकाला दिसतं. पानावर मराठी आणि कोडमध्ये इंग्रजी दिलं तर ती फसवणूक धरली जाईल, दंड बसेल.

हा नियम आहे, नाही असं नाही. पण तो मजकुराबद्दल आहे. पानावर साडेचारशे आणि कोडमध्ये साडेतीनशे, ही फसवणूक. पानावर मराठी साडेचारशे आणि कोडमध्ये इंग्रजी साडेचारशे, ही एकच किंमत. मी त्यांना स्कीमा डॉट ऑर्गचं किमतीचं पान दाखवलं. तिथं स्वच्छ लिहिलंय की किमतीसाठी इंग्रजी शून्य ते नऊ हेच आकडे वापरा, त्यांच्यासारखी दुसरी चिन्हं नकोत. दशांशासाठी टिंब, हजारानंतर स्वल्पविराम नको, आणि चलनाचं चिन्ह किमतीत न घालता चलनाच्या वेगळ्या रकान्यात द्या. माणसांना सोयीची मांडणी आणि यंत्राला सोयीची किंमत शेजारी शेजारी ठेवण्याची सोयही त्याच पानावर सांगितलीय. ते पान वाचायला सांगितल्यावर तिकडून बराच काळ काहीच आलं नाही. मग एका संध्याकाळी, एका ओळीत: “डन, मॅडम.” सॉरी वगैरे नाही.

किंमत परत येऊ लागली, पण कवितासंग्रहांची नाही. काय भानगड आहे ते मीच शोधलं, आणि याचा मला अजून अभिमान वाटतो. कवितासंग्रहांच्या परिचयात आम्ही दोन-चार ओळी देतो, ओळ तोडून, कवितेत असतात तशा. थीम तो मजकूर कच्चाच कोडमध्ये ओतत होती. जेसॉनमध्ये मजकुराच्या मधोमध अशी ओळ तोडलेली चालत नाही. परिचयात कोणाचं वाक्य दुहेरी अवतरणात असेल तर तेही चालत नाही. म्हणून तुमच्या माणसाला एकच सांगा: कोड हातानं जोडून बनवू नकोस. पीएचपीत, म्हणजे बऱ्याच साइट ज्या संगणकी भाषेत लिहितात तिच्यात, जेसॉन-एनकोड नावाचं तयार फंक्शन आहे, ते हे सगळं सांभाळतं. त्यातून बाहेर पडलेलं मराठी कोडमध्ये उलट्या तिरप्या रेघा आणि आकड्यांसारखं विचित्र दिसेल, त्याला घाबरू नका. गुगल ते बरोबर वाचतं. आमच्याकडे त्यावरूनही “मराठी तुटली” म्हणून आरडाओरडा होऊन गेला.

दुरुस्तीनंतर सर्च कन्सोलमध्ये ‘व्हॅलिडेट फिक्स’ दाबायचं आणि थांबायचं. साधारण दोन आठवडे लागू शकतात, कधी त्याहून जास्त. सगळी पानं एकदम परत येत नाहीत. जास्त खपाची पुस्तकं असतील त्यांचे पत्ते एकेक तपासून पुन्हा वाचायची विनंती करा. आणि दाबायच्या आधी साइटची कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, रिकामी करा, नाहीतर गुगलला जुनंच पान मिळतं.

हो, कोडचा नमुना वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सरळ अवतरणचिन्हं वाकडी होऊ शकतात आणि पुन्हा सगळं मोडतं.

याच काळात एका दुसऱ्या माणसानं मला ‘एफएक्यू स्कीमा पॅकेज’ विकायचा प्रयत्न केला: निकालाखाली प्रश्नोत्तरं उघडतील, जागा जास्त मिळेल. ऑगस्ट २०२३ मध्येच गुगलनं हा प्रकार नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता ठेवला. पुस्तकांच्या दुकानानं त्यासाठी पैसे देऊ नयेत. स्कीमानं क्रमांक वर जातो असं सांगणाऱ्यालाही नमस्कार करावा. क्रमांक जातो तो इतर कारणांनी. स्कीमानं आहे त्या जागी तुमची ओळ भरलेली दिसते.

स्टार हवे असतील तर पुस्तकाच्या पानावर वाचकांचे खरे शेरे दिसले पाहिजेत. दुकानाबद्दल स्वतःच्या साइटवर स्वतःच गोळा केलेल्या कौतुकाचे स्टार गुगल सप्टेंबर २०१९ पासून दाखवत नाही. खोटे शेरे कोडमध्ये घातले आणि माणसानं तपासून कारवाई केली तर ही सगळी सजावटच बंद होते.

आमच्या रिपोर्टमध्ये पुस्तक परत घेण्याचं धोरण आणि पाठवणीचा खर्च दिला नाही म्हणून पिवळ्या सूचना अजून आहेत. त्या असूनही किंमत दिसते. वेळ मिळेल तेव्हा भरीन. लाल तेवढं आधी.

दिवाळी अंक विकणाऱ्यांसाठी एक राहिलं. आगाऊ नोंदणी चालू असेल तर ‘इन स्टॉक’ न लावता ‘प्री-ऑर्डर’ लावा, अंक संपला की त्याच दिवशी ‘आउट ऑफ स्टॉक’ करा. आणि सवलतीच्या किमतीला ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ असा रकाना असेल तर ती तारीख आत्ताच बघून घ्या. ती उलटून गेलेली असली तर किंमत दिसेनाशी होऊ शकते, आणि रिपोर्टमध्ये लाल काही नाही म्हणून कोणी तुम्हाला सांगणारही नाही.