केसपेपरवरचे ‘पित्त’

माझ्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला, त्याला आता आठ महिने झाले. अँजिओप्लास्टी आणि नंतरचे सारे सुरळीत पार पडले. राग उरला आहे तो त्याआधी आपत्कालीन विभागात काढलेल्या पाच तासांचा.

पहाटे जबडा आणि पाठ दुखू लागली, मळमळले, दरदरून घाम आला. छातीत जडपणा होता, पण कळ नव्हती, म्हणून डॉक्टरांना मी तो सर्वांत शेवटी सांगितला, ही चूक माझीच. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांमध्येही छातीतला त्रास हेच मुख्य लक्षण असते. मात्र मळमळ, धाप, जबड्याचे दुखणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा त्याच्या जोडीला येते आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तिकडेच जाते. तेव्हा छातीचे आधी सांगावे, आणि ‘पित्त झाले असेल’ हे शब्द आपण होऊन उच्चारू नयेत. मी ते उच्चारले होते. वय 54, ईसीजी नॉर्मल, ‘घरी काही टेन्शन?’ हा प्रश्न, आणि केसपेपरवर ‘पित्त’ लिहून मला बाकावर बसवण्यात आले. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचा ईसीजी तेवढ्या वेळात दोनदा काढला गेला. माझा दुसरा ईसीजी यजमानांनी आवाज चढवल्यावर निघाला.

ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या चाचणीसाठी, रक्तही तेव्हाच घेतले. आकडा आला 21, आणि अहवालावर स्त्री-पुरुष दोघांसाठी छापलेली मर्यादा होती 26 नॅनोग्रॅम प्रति लिटर. म्हणून पुन्हा ‘नॉर्मल’. त्याच चाचणीची स्त्रियांसाठीची वेगळी मर्यादा 16 आणि पुरुषांसाठीची 34 आहे, हे मला नंतर हृदयरोगतज्ज्ञांकडून कळले. म्हणजे माझा आकडा त्या पहाटेच वाढलेला होता, आणि मी जेलुसिलची बाटली हातात धरून बसले होते! तीन तासांनी केलेल्या दुसऱ्या चाचणीत तो 190 वर गेला, तेव्हा कोठे धावपळ सुरू झाली. ट्रोपोनिन एकदा ठीक आले म्हणून घरी जाऊ नये. काही तासांनी पुन्हा करायला सांगावे.

एक गोष्ट सांगायची राहिली. धाकटीच्या वेळी माझा रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने गेली होती. अशा गरोदरपणानंतर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, पण त्याविषयी मला पहिल्यांदा विचारले गेले ते डिस्चार्जच्या दिवशी.