चोडणचे पक्षी सुकतीच्या वेळेला

गोव्यातल्या मांडवी नदीतल्या चोडण बेटावर पक्षी बघायला निघालेले बहुतेक जण पहाटेचा गजर लावतात. मी आधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडतो. इथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे गोव्यातलं सगळ्यांत लहान अभयारण्य, क्षेत्र जेमतेम 178 हेक्टर, 1988 साली जाहीर झालेलं. त्याचा बराचसा भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. पाण्याची वेळ चुकली, तर रायबंदरची पहिली फेरीबोट पकडूनही तिवरांची हिरवी भिंत तेवढी दिसते.

पूर्ण भरतीला होडी कांदळवनात खोलवर जाते, पण चिखल बुडालेला असतो आणि टिलवे, तुतवार, कुरल असे चिखलात चरणारे पक्षी कुठेतरी फांदीवर नाहीतर बांधावर गप्प बसलेले असतात. पूर्ण ओहोटीला चिखल भरपूर, पण पक्षी लांब पांगलेले. खरी वेळ सुकतीची, म्हणजे भरती ओसरू लागल्यावर दीड-दोन तासांची. तिवरांच्या मुळांशी चिखलाची पहिली अरुंद पट्टी उघडी पडते आणि भुकेले पक्षी तिच्यावर दाटीवाटीने उतरतात. होडी तेव्हा मोठ्या पात्रातच ठेवायची. आतल्या ओहोळात शिरलात, तर पाणी निघून जातं आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच रुतून बसावं लागतं. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने उतरतं, त्यामुळे बघायला वेळ कमी मिळतो. अष्टमीच्या भांगात, म्हणजे सौम्य भरती-ओहोटीत, ते रेंगाळतं, पण चिखलही कमी उघडतो. मुरगावच्या वेळेपेक्षा इथे पाणी थोडं उशिरा चढतं-उतरतं, तेवढं धरून चालावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्या पट्टीवर चोचींची वाटणी बघावी. आखूड चोचीचे चिखले डोळ्यांनी हेरून धावत जातात आणि वरवरचं टिपतात. लाल पायांचा टिलवा चोच खुपसून चाचपतो. छोटा कुरल आपली वाकडी चोच खेकड्याच्या बिळात घालतो. एका मोठ्या डेंग्याचे नर खेकडे तो डेंगा हलवत असतात, निवट्या कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर उड्या मारतात. हे सगळं उघडं असतं तेवढ्याच वेळात पक्ष्यांना दिवसाचं पोट भरायचं असतं.

म्हणूनच इंजिन चालू ठेवून थव्यावर होडी घालणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. फोटोत उडता थवा हवा म्हणून टाळ्या वाजवतात! हे पाहुणे परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. दर उड्डाणाला त्यातली थोडी खर्ची पडते. इंजिन लांबच बंद करायला सांगा, वल्ह्याने किंवा ओहोटीच्या ओढीने सरका. पक्षी खाणं थांबवून मान उंचावू लागले, की तिथेच थांबायचं.

होडी नकोच असेल तर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरची मानस (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) गाठा. माझ्या मते चोडणची सगळ्यांत चांगली जागा हीच. बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारं आपोआप उघडतात आणि खाजनातले मासे प्रवाहाबरोबर बाहेर लोटले जातात. समुद्री बगळे हे पक्कं ओळखून असतात. राखाडी आणि पांढरे दोन्ही रंगांचे शेजारी-शेजारी उभे दिसतात, पिवळट पायाने पाणी ढवळतात. वर काठीवर खंड्या. पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा-हिरवा खंड्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या जागी दिसतो, इथे तो शोधायलाच हवा. त्याचा कर्कश आवाज आधी येतो. काळ्या टोपीचा हिवाळ्यात असतो. लाल चोच आणि जांभळट निळी पाठ म्हणजे तोच. बांधावर माशांची खवलं आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली, तर पाणमांजरं रात्री येऊन गेलीत.

होडीत 8 पटीची दुर्बीण पुरे. 10 पटीत हाताची आणि पाण्याची थरथर इतकी वाढते, की टिलव्याचे पायही धड दिसत नाहीत. टेलिस्कोप फक्त बांधावर, तोही सकाळी ऊन पाठीवर राहील असा लावावा. चपला चिखल खेचून घेतो. घोट्याला घट्ट बसणारे बूट घाला.