चवथीला नार्व्याच्या वाटेने

कोकणकन्या सावंतवाडीला थांबली आणि डबा निम्म्याहून जास्त रिकामा झाला. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर मुंबईहून सुटणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ती सगळी माणसं रत्नागिरी, कणकवली, कुडाळ असं करत गावोगाव उतरत जातात. पुढे पेडणे, थिवी, करमळी. आमचं गाव मये, ते गाठायचं तर थिवीला उतरून डिचोलीची गाडी धरणं सोपं. पण इंग्लंडातल्या बारा वर्षांत मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की चवथीला घरी जाईन तेव्हा दोन फेरीबोटींच्या वाटेने जाईन. मध्ये दोनदा येऊन गेलो होतो, ते लग्नाकार्याच्या धावपळीत. चवथ मात्र एकही मिळाली नव्हती.

करमळीला उतरलो तोच गुरुदासचा फोन. "खंय पावलो रे?" बाकी काही नाही.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की धक्का. पलीकडून फेरीबोट येते, पुढची लोखंडी फळी उतरावर खरखरत टेकते आणि आधी स्कूटरी, मग माणसं बाहेर पडतात. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. त्या दिवशी मांडवी गढूळ होती आणि पाणी जोरात समुद्राकडे चाललं होतं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि नजर आपोआप बार्जी शोधू लागली. लहानपणापासून ही नदी म्हणजे आम्हाला बार्जींची रांग. डिचोली, साखळीकडचं खनिज भरून त्या खाली मुरगावकडे जायच्या, आणि आमच्या गावातल्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घराचा टिपर ते खनिज धक्क्यापर्यंत आणून टाकायचा.

आमचाही होता. मी आणि गुरुदासने कर्ज काढून भागीत घेतलेला. 2012च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि टिपर त्याच्या अंगणात फणसाखाली उभा राहिला. पुढच्या वर्षी मी निघालो. हप्ते राहिले, गाडी राहिली, गुरुदास राहिला. त्याने टिपर मिळेल त्या भावाला विकला आणि उरलेलं कर्ज एकट्याने फेडलं. मी दोनदा पैसे पाठवायची गोष्ट काढली. दोन्ही वेळा त्याने मयेच्या तळ्यात पाणी किती चढलंय ते सांगितलं. या खेपेला माझ्या हिश्शाचं पाकीट बॅगेत होतं.

दिवाडी बेटावर फेरीतल्याच एका काकांनी स्कूटरवर मागे बसवलं. दोन्ही बाजूंना खाजन शेती, हिरवीगार, आणि खारं पाणी थोपवणारे मातीचे बांध. भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारी एक मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दिसली तेव्हा मी काकांना थांबवायला लावलं. लाकडी दारावर पाणी आपटत होतं. तो वास, चिखलाचा आणि मिठाचा, दुसरीकडे कुठेच येत नाही.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव हीच नदी ओलांडून नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. शाळेत हा धडा शिकताना आमचे मास्तर खिडकीतून नार्व्याच्या दिशेने हात करायचे. मला अजून देवळाच्या आधी तो हात आठवतो.

धक्क्यावर गुरुदास स्कूटर घेऊन उभा होता. केस पिकलेत. त्याने माझी बॅग पायाशी घेतली आणि म्हणाला, "आदीं दोर काडपाक वचूंया. पावस येता." म्हणजे आधी दोर काढायला जाऊ, पाऊस येतोय. बारा वर्षांनी चवथीला आलेल्या माणसाला हे पहिलं वाक्य. मला भरून आलं.

दोर म्हणजे कुमयाच्या झाडाच्या सालीचे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. तिला रानातली आणि परसातली फळं बांधायची ती याच सालीने. फांदीला कोयत्याने आडवी चीर द्यायची, सालीचं टोक नखाने उचलायचं आणि एका दमात ओढायचं. साल ओली, लालसर, चिकट निघते. ओढताना हात थांबला की तुटते. माझ्या पहिल्या तीन तुटल्या. गुरुदासने मागून माझं मनगट धरलं आणि चौथी आम्ही दोघांनी ओढली. सलग, हातभर.

गुरुदासच्या घरी काकींनी, त्याच्या आईने, "केन्ना आयलो रे पुता?" म्हणत तोंडावरून हात फिरवला. काका चार वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. मी यायला हवं होतं. काकींना तेवढंच बोललो. त्यांनी मान हलवली आणि स्टूल पुढे केलं. आमच्या टोळीत माटोळीची वरची बाजू नेहमी मीच बांधायचो. स्टूल धरायला गुरुदास, खालून एकेक वस्तू द्यायला त्याची मुलगी: नारळ, सुपारीची कातरी, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, घागऱ्या, लालभडक कांगलां. नावं ती सांगत होती. दोन मी विसरलो होतो.

संध्याकाळी आरतीला घुमटं निघाली. आम्ही घरात कोंकणी बोलतो, भांडतो कोंकणीत, पण आरती मराठीत आणि ती घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या ठेक्यावर. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं भांडं. पूर्वी मोठ्या तोंडाला घोरपडीचं कातडं लावत. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद होत गेलं, आता बकऱ्याचं असतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पावसाच्या दमटपणात कातडं सैल पडतं, म्हणून गुरुदासने काकांचं घुमट चुलीशी धरून शेकलं, बोटाने टिचकी मारली, पुन्हा शेकलं. आवाज मनासारखा लागल्यावर ते माझ्या कुशीत दिलं.

डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, उजव्या बोटांनी वाजवायचं. दुसऱ्या आरतीला माझा ठेका सुटला. गुरुदासने माझ्याकडे न बघता आपला आवाज वाढवला आणि मी पुन्हा त्यात शिरलो.

रात्री ओसरीवर पाकीट काढलं. त्याने उघडलं नाही. माझ्या मांडीवर परत ठेवलं. "पैशे नाका. पांच दीस राव."

त्यांचा गणपती पाच दिवसांचा. माझं परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं. सकाळी ते पुढे ढकललं.

पाचव्या दिवशी, विसर्जनाआधी, माटोळी उतरवायला घेतली. कुमयाची साल वाळून दोरीसारखी कडक झाली होती. गुरुदासच्या मुलीने वरच्या गाठी सोडवायचा खूप प्रयत्न केला, मग वैतागून विचारलं, ह्या कोणी मारल्यात एवढ्या घट्ट? गुरुदासने माझ्याकडे बोट दाखवलं आणि कोयता आणायला आत गेला.